पडद्याचे डॉक्टर

"या कापडाचे पट्टे मध्येच वाकलेत गं," सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी टिल्लीला भरवत होते. टिल्ली म्हणजे माझी मुलगी. तिच्या तोंडात घास असतो तेवढाच वेळ मला बाकीच्या जगाशी बोलता येतं.

"गिरणीचा दोष असेल. परत करा," मी मान वर न करता म्हटलं.

त्यांनी परत नेलंही. सासूबाई पडदे शिवतात. पट्ट्याला पट्टा असा जुळवतात की शिवण शोधावी लागते. दुकानदाराने ठाण उलगडलं, फूटपट्टी लावून दाखवली, शेवटी हात जोडले. "मावशी, पट्टे सरळ आहेत हो." त्या फणफणत घरी आल्या. "काल मिसरूड फुटलेला मला शिकवतोय!"

दुसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवायला त्यांनी एक डोळा मिटला आणि तशाच थांबल्या. मग दुसरा मिटला. पुन्हा पहिला.

"सूनबाई, इकडे ये. उजवा डोळा मिटला की खिडकीचे गज वाकतात. टिल्लीचं तर नाकच गायब! डावा मिटला की सगळं जागच्या जागी."

टिल्ली शिंकली तरी थर्मामीटर शोधणारी बाई मी. नवरा कामावरून फोनवर म्हणाला, "वय झालं की होतं. पुढच्या महिन्यात चष्मा बदलू." नंबर वाढला तर गज धूसर दिसतील, वाकतील कसे? मी टिल्लीला काखोटीला मारलं आणि सासूबाईंना घेऊन कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेले.

त्याने तपासलं. "हा नंबरचा प्रश्न नाही. पडद्याचा डॉक्टर गाठा, लवकर."

"जन्मभर पडदे शिवले," सासूबाई म्हणाल्या, "आता मलाच पडद्याचा डॉक्टर!"

फुटपाथवर उभं राहूनच मी फोन लावत सुटले. कुठे कुणी उचलेना, कुठे डॉक्टर रजेवर. शेवटी एक बाई म्हणाली, "पडद्याचे डॉक्टर? आहेत ना, लगेच या." गेलो. सासूबाईंना खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला.

"हं आजी, कोणता कान?"

"कान दोन्ही शाबूत आहेत," सासूबाई म्हणाल्या. "सुनेचं पुटपुटणंसुद्धा ऐकू येतं."

कानाचा पडदा! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. डॉक्टर खो खो हसले. पण मी गजांचं सांगितलं तशी त्यांचं हसू थांबलं.

"माझा प्रांत नाही हा, पण लांबवू नका. रेटिनातज्ज्ञ म्हणून विचारा. आणि 'कमी दिसतं' एवढंच सांगू नका. सरळ रेघ वाकडी दिसते, एकाच डोळ्याला, आणि नुकतंच सुरू झालंय, हे सांगा." एका डॉक्टरबाईंचा पत्ताही दिला.

तिथली स्वागतिका म्हणाली, "पुढच्या महिन्यातली वेळ देते." मी ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तिने मान वर केली. "आजच बघतील, पण थांबावं लागेल."

"थांबतो."

टिल्लीने रडून दवाखाना डोक्यावर घेतला. "रड गं बाई," सासूबाई म्हणाल्या, "लवकर नंबर लागेल."

नंबर लागला. डॉक्टरबाईंनी पडद्याचे फोटो दाखवले. पडद्याचा अगदी मधला भाग वयोमानाने झिजला होता, आणि त्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाझरत होत्या. "डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, तेही पुन्हा पुन्हा. गेलेलं सगळं परत येईल असं सांगत नाही. आहे ते वाचवायचंय."

डोळ्यात सुई! मीच खुर्चीचा हात धरला.

"सुईला मी घाबरू?" सासूबाई म्हणाल्या. "दोरा तेवढा ओवू नका."

आता आम्ही ठरल्या तारखेला जातो, एकही चुकवत नाही. गज अजून थोडे वाकतात. टिल्लीचं नाक मात्र जागेवर आलंय. पट्टे जुळवताना त्या मला हाक मारतात, आणि मी मान वर करते.

तुमच्याही घरात कुणी वयस्कर असेल. आज त्यांना एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघायला सांगा. "दिसतंय की नीट," असं ते म्हणतील, तेही दोन्ही डोळे उघडे ठेवून. झाकायलाच लावा. आणि गज वाकले, तर फोनवर आधी सांगा: पडदा, पण डोळ्याचा.