खिडकी तुम्ही घ्या

छत्तीस वर्षांच्या संसारात आमच्या हिनं आपणहून "चला, फिरायला जाऊ" म्हटल्याचं मला आठवत नाही. मागच्या सोमवारी मात्र भांडी पुसता पुसता म्हणाली, "अहो, उद्या खोऱ्यातून फिरून येऊ या का? जाताना बस, येताना आगगाडी. नदी अगदी शेजारून जाते." मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

मी वजनमापे तपासनीस होतो. चौतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासले. एखादा दुकानदार फार गोड बोलायला लागला की मी आधी त्याच्या पारड्याखाली हात घालायचो, आणि बहुतेक वेळा तिथं चिकटवलेला शिशाचा तुकडा हाताला लागायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सवय काही निवृत्त झाली नाही.

आणि या वेळी तर कारणही होतं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ही थोरल्या बहिणीकडे जाते, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पंधरा दिवसांपूर्वी थोरल्या मेव्हणीचाच फोन आला. "काय हो भाऊजी, तिला म्हणावं, बहीण जिवंत आहे अजून! पाच महिने झाले, तोंड दाखवलं नाही." मी "सांगतो, सांगतो" म्हणून फोन ठेवला. हिला काही बोललो नाही, कारण विचारलं की माणूस सावध होतो.  बायको एकसष्ट वर्षांची, जिना चढताना गुडघे धरते, आणि तिचं दुसरीकडे कुठं काही आहे का, हा प्रश्न मला पडला होता. लाज वाटत होती, तरी प्रश्न हटत नव्हता. त्यात अलीकडे ती नजरेला नजरही देत नसे. बोलताना सारखी माझ्या कानाकडे बघायची.

म्हणून मी निमूटपणे बूट घातले. म्हटलं, चला, बघू काय निघतंय.

पहिला धक्का बसमध्येच बसला. चाळिशीतला, मिशांना पीळ दिलेला कंडक्टर दारातून हसून म्हणाला, "या ताई! आज जोडीनं?" आणि त्यानं चक्क हिचा हात धरून तिला वर घेतलं. हिनंही दिला! मी मागे उभा, तिकिटाचे पैसे हातात घेऊन. मला हात द्यायला कोणी पुढे आलं नाही.

"ओळखीचा दिसतोय," मी म्हणालो.

"बसनं जा-ये केली की होते ओळख," ती म्हणाली. माझ्या कानाला.

मग म्हणाली, "खिडकी तुम्ही घ्या." आता हे फारच झालं. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात खिडकी मिळाली नाही म्हणून ही बाई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तिनं खिडकी सोडावी? मी बसलो, पण पाठ काचेला लावून, तोंड तिच्याकडे करून.

बस घाट उतरायला लागली. लोक माना वळवून बाहेर बघत होते, कोणी फोटो काढत होतं. ही समोर बघत हळू आवाजात सांगत होती, "आता वळण. वळणानंतर नदी तुमच्या बाजूला येईल. मग बंधारा." आणि बंधारा यायचा. सगळं पाठ! ही पाच महिने याच रस्त्यावर होती, यात आता शंका उरली नाही. रस्ता कळला, आता माणूस कळायचा होता.

स्टेशनवर तोही सापडल्यासारखं वाटलं. चहावाल्यानं हिला काही न विचारता अर्धाच कप भरला आणि तो तिच्या दोन्ही हातांत नीट धरवला. "गरम आहे हं ताई." पन्नाशीचा, टक्कल पडलेला, शर्टाची दोन बटणं तुटलेली. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. हा? हा असेल तर माझ्यात काय कमी होतं? मग कंडक्टर आठवला आणि माझा गोंधळच उडाला. तिथं मी एकटाच संतापलेला होतो, बाकी सगळे मजेत बिस्किटं खात होते.

गाडीत बसलो. पुन्हा तेच, "खिडकी तुम्ही घ्या." डबा अर्धा रिकामा होता. समोर मांडीवर पिशवी घेऊन एक बाई बसल्या होत्या. गाडी नदीच्या काठाकाठानं निघाली आणि मी ठरवलं, आता काटा तपासायचाच.

आमच्या खात्यात त्याची एक रीत आहे. दुकानदाराशी वाद घालायचा नाही. आपल्याजवळचं खात्रीचं वजन पारड्यात टाकायचं आणि काटा काय दाखवतो ते गुपचूप बघायचं. खोटा असेल तर तो स्वतःच बोलतो.

पलीकडचा काठ रिकामा होता. नुसती वाळू आणि गवत. मी बोट दाखवलं. "ती बघ, लाल होडी. केवढी छान रंगवलीय."

तिनं मान वळवली. क्षणभर थांबली. "हो," म्हणाली, "छान आहे हो."

सापडली! पण इतकी वर्षं चोर सापडल्यावर व्हायचा तसा आनंद मला झाला नाही. तोंड मात्र सुटलं. "होडीबिडी काही नाहीये तिथं! कुठं असतं तुझं लक्ष? कोणापाशी? बहिणीकडे पाच महिने गेली नाहीस, मला कळलंय सगळं. कोण आहे तो?"

समोरच्या बाईंनी पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

ही घाबरेल, रडेल, निदान चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "होडी नाहीये?"

"नाही."

"खरंच नाहीये?" आणि तिनं मोठा श्वास सोडला. "मला वाटलं, आता होडीएवढं मोठंसुद्धा दिसेनासं झालं."

मला काही समजेना. तिनंच सांगितलं, हात मांडीवर ठेवून, एकेक करून. डावा डोळा गेल्या वर्षीच गेला. उजव्यात मधोमध काळा डाग आहे, कडेकडेनं तेवढं दिसतं. खोऱ्याच्या टोकाला डोळ्यांचं मोठं इस्पितळ आहे, तिथं दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जात होती. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता याचा उपयोग नाही, उरलेलंही जाईल.

"मग ते कानाकडे बघणं?" मी विचारलं.

"कानाकडे बघितलं की तुमचा चेहरा दिसतो."

मी नकळत कान चाचपला. मग विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रोज तपासलं असतं. हे दिसतं का, ते दिसतं का, ही किती बोटं." ती जराशी हसली. "येता-जाता ही नदी मला फार आवडली. म्हटलं, थोडं दिसतंय तोवर तुम्हालाही दाखवावी. पुढे तुम्हीच सांगायची आहे मला. सांगा ना, आता काय आहे बाहेर?"

मी बाहेर पाहिलं. खरं सांगायचं तर दिवसभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं. सकाळपासून मी फक्त तिचा चेहरा पाहत होतो. "पूल आहे," मी म्हणालो. "दगडी, तीन कमानींचा. खाली पाणी हिरवं आहे. एका कमानीखाली बगळे बसलेत, पाच... नाही, सहा." मी सांगत राहिलो. एकही गोष्ट वाढवली नाही, एकही गाळली नाही.

ती मन लावून ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर तिनं मान हलवली. मग हलकेच पुढे वाकली आणि समोरच्या बाईंना विचारलं, "अहो ताई, बाहेर पूल दिसतोय का हो?"