होडीतलं जावळ

आमच्या घरातली सगळ्यात देखणी वस्तू कोणती असं कुणी विचारलं असतं, तर सासूबाईंनी लेकाकडं बोट दाखवलं असतं आणि मामंजींनी होडीकडं. मी आपली गप्प बसले असते. लेक माझा नवरा होता, आणि होडीला तेल चोळायचं काम माझ्याच वाट्याला होतं.

होडी होतीही तशी. बावीस वर्षांची, पण बघणाऱ्याला खरं वाटू नये. सागवानी फळ्या, तळाला डांबर, वरच्या अंगाला करंजाचं तेल, आणि मागच्या बाजूला फळ्यांची खोपी. खोपीवर पत्रा, पुढं वाकून शिरायचं दार, आत दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढी जागा. भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेवर भोयांच्या होड्या पुष्कळ, पण सगळ्या उघड्या, खोपीची आमचीच. मामंजी आणि हे, म्हणजे माझे मालक, जाळी घेऊन दोन-दोन दिवस जायचे तेव्हा तिथंच चूल मांडायचे. आमच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात घरात पाहुण्यांची दाटी झाली आणि आम्ही दोघं आठ दिवस त्या खोपीत झोपायला होतो. त्या आठ दिवसांचं मी कुणाला काही सांगत नाही, आताही सांगणार नाही.

चव्वेचाळीस सालच्या वैशाखात मामंजींनी ती होडी विकायला काढली.

हे चाळीस साली पलटणीत भरती झाले होते. पहिली दोन वर्षं कागद येत राहिले, मग यांची पलटण होती ते सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि कागद बंद झाले. पुढं एक सरकारी कागद आला. शाळेतल्या मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा पुसत म्हणाले, "बेपत्ता असं लिहिलंय. बेपत्ता म्हणजे गेला असं नव्हे." त्या एका वाक्यावर आमचं घर उभं होतं. सासूबाई सणाला लेकाचं पान वाढायच्या, मी रोज कपाळ भरून कुंकू लावायची, आणि मामंजी कुणाशी न बोलता होडीची डागडुजी करायचे.

पण होडी ओढायला दोन गडी लागतात आणि मामंजी एकटे. त्यात मागच्या पुरात दोर तुटून होडी वाहत सुटली. साठीतला हा म्हातारा तिच्यामागं पाण्यात पडला, कोसभर खाली एका बाभळीला धरून राहिला आणि होडीसकट जिवंत परत आला. तेव्हापासून छातीत जो खोकला बसला तो उठलाच नाही. येत्या पुरात ते पुन्हा उडी मारणार, हे आम्हाला ठाऊक होतं. आणि या खेपेला वर येणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पाऊस दीड महिन्यावर आला होता. म्हणून हरिपूरच्या इमामभाईंना सांगावा धाडला. ते भोयांकडून मासळी घेऊन सांगली-मिरजेला विकायचे आणि खोपीच्या होडीवर त्यांचा बऱ्याच दिवसांपासून डोळा होता.

विकायचं तर विकायचं, त्यात एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय, असं वाटेल. आमच्यात होडी बांधतात तेव्हा घरातल्या थोरल्या लेकाचं जावळ, म्हणजे पहिल्यांदा काढलेले केस, तांब्याच्या पैशाबरोबर फडक्यात बांधतात. ती पुडी होडीच्या नाकाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, आतल्या अंगाला खाच पाडून ठेवतात आणि वरून फळीचा तुकडा ठोकून टाकतात. पुढं होडी पाण्यात सुखरूप तर लेक सुखरूप. होडी दुसऱ्याला द्यायची झाली की पुडी काढून घ्यायची, आणि ती काढायची ज्याचं जावळ त्यानंच. तो या जगात नसेल, तरच बापानं.

तर मामंजींनी ती फळी उचकटायला पटाशी हातात धरली की काय होणार होतं, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. बापानं पुडी काढली म्हणजे बापानं लेकावर पाणी सोडलं. मग मास्तरांचं वाक्य काय कामाचं? चार दिवसांत कुणी आया-बाया माझ्या दारात येऊन बसल्या असत्या, आणि कशासाठी ते मी सांगायला नको.

इमामभाई गुरुवारी येणार होते. बुधवारी भर दुपारी सगळे कलंडले तेव्हा मी खुरपं पदराखाली घेऊन नदीवर गेले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? होडीला भोक पाडायला गेले होते. तळाच्या दोन फळ्यांमधलं डांबर खरवडून काढलं असतं, तर पाणी शिरलं असतं, इमामभाई नको म्हणाले असते आणि माझं कुंकू निदान एक पाऊसकाळ तगलं असतं. गुडघे टेकले, खुरप्याचं टोक फटीवर धरलं. पण चार वर्षं ज्या होडीला लेकरासारखं तेल चोळलं, तिच्यावर हात चालेना. स्वतःचाच राग आला. खुरपं डोहात भिरकावलं आणि घरी आले. खुरपं कुठं गेलं म्हणून सासूबाईंनी संध्याकाळी माझा उद्धार केला तो वेगळाच.

गुरुवारी उन्हं वर आली तेव्हा इमामभाई आले. पांढरी दाढी, तांबडा रुमाल, बोलणं हळू. त्यांनी फळीन् फळी बोटाच्या पेरानं वाजवून बघितली. खोपीत शिरले, पत्रा दाबून बघितला, दार चार वेळा उघडून मिटलं. मग मामंजींना घेऊन होडी डोहापर्यंत नेऊन आणली आणि पालथं पडून तळावरून तळवा फिरवला. मी काठावर उभी राहून देवाकडं एक थेंब पाणी मागत होते. तळवा कोरडा निघाला.

"आण्णा," इमामभाई म्हणाले, "लेक सांभाळावा तशी सांभाळलीसा. मला पसंत हाय."

मामंजींचं तोंड क्षणभर उजळलं आणि तसंच विझलं.

"आता एकच इचारायचं ऱ्हायलं," इमामभाई रुमालाला हात पुसत म्हणाले. "पुडी कुणाची हाय?"

"गुंडाची. माझ्या लेकाची."

"मग त्यो..."

"त्यो लढाईवर हाय," सासूबाई मधेच म्हणाल्या. त्या केव्हा आल्या आणि केव्हा होडीच्या नाकावर बसल्या ते कुणाला कळलं नाही. दोन्ही पाय खाली सोडून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. "येणार हाय. आला की काढंल."

इमामभाई खाली बघत राहिले. "वैनी, माझी जात येगळी, पर जलम ह्याच पाण्यावर गेलाय. दुसऱ्याच्या लेकराचा जीव पायाखाली घिऊन मी पाण्यात जायचा न्हाई. उद्या काय कमी-जास्त झालं तर कुणाला तोंड दावू? पुडी निघत नसंल तर ऱ्हाऊ द्या. माझं काय म्हननं न्हाई."

मला एकदम हलकं वाटलं. सुटलो, असं म्हणणार तोच मामंजींनी सासूबाईंना हाक मारली.

"राहे, ऊठ तितनं."

"न्हाई उठायची."

"माझं ऐक तरी. होडी हितंच ठिवली आन पूर आला, दोर तुटला. मला आता पवायचं व्हत न्हाई. होडी जाईल ती पुडीसकट जाईल. फुटंल, बुडंल. मग?" खोकल्यानं त्यांना मधेच वाकवलं. ते सरळ झाले. "मग म्याच पोराला बुडवला असं हुईल का न्हाई? सांग. तूच सांग."

इकडं आड, तिकडं विहीर. काढली तर बापानं पोर मेलं म्हणायचं, ठेवली तर पुरानं. सासूबाई उठल्या. "काढा," एवढंच म्हणाल्या. "पर मला बघवायचं न्हाई." वाकून खोपीत शिरल्या आणि आतून दार ओढून घेतलं.

मामंजींनी पटाशी आणि हातोडा घेतला. मग माझ्याकडं वळले.

"अंजना, पोरी, तुझं काय म्हननं हाय?"

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझं काही म्हणणं असू शकतं, हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. मला रडू यायला हवं होतं, आला राग.

"तुमी काढा, मामंजी," मी म्हणाले. "पर माझ्या कपाळाला हात लावाय कुनी आलं, तर त्येचा हात मनगटापास्नं मोडीन. मग ती कुनी का असंना."

मामंजींनी मान हलवली. त्यांनी नाकाशी गुडघे टेकले आणि डांबर तासायला लागले. डांबराखालून फळीचा वीतभर तुकडा वर आला. चार कोपऱ्यांना चार खिळे. त्यांनी पहिल्या खिळ्याखाली पटाशी घातली आणि ठोका दिला. मी कपाळावर तळवा दाबून उभी होते, कुंकू कुणी पळवून नेणार असल्यासारखी. पहिला खिळा सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला मामंजी थांबले, खिळा उचलून डोळ्याजवळ नेला.

"ह्यो खिळा माझा न्हवं," ते म्हणाले.

इमामभाई पुढं झाले. मामंजींनी बावीस वर्षांपूर्वी लोहाराकडून घडवून घेतलेले चौकोनी खिळे ठोकले होते. हा गोल, बाजारचा. चौथाही तसलाच. फळी उचलली. आत खाच होती, कडेनं मेण घासून अगदी नीट गुळगुळीत केलेली, होडीतलं कुठलंही काम करावं तशी. पुडी नव्हती.

मामंजी त्या खाचेत एक बोट फिरवत राहिले.

"गुंडाचं काम हाय," ते शेवटी म्हणाले. "मेन लावायची ही तऱ्हा म्याच शिकवली त्येला. जायच्या आधी नाकाला डांबर लावतो म्हनून दिसभर एकटाच बसला हुता हितं. मला जवळ यिऊ दिलं न्हाई." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "मला काढाय लागू नये म्हनून आपल्या हातानं काढून गेला, इमामभाई."

"आण्णा," इमामभाई हळूच म्हणाले, "पोरानं तुमचा हात वाचीवला."

खोपीचं दार धाडकन उघडलं. सासूबाई बाहेर आल्या, त्या रिकाम्या खाचेत डोकावल्या आणि हसायला लागल्या. दोन वर्षांत त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. "संगं घिऊन गेलाय! आपलं जावळ आपल्यासंगं ठिवलंय त्येनं! आता हितलं पानी त्येला काय करतंय?" त्या घराकडं पळत गेल्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. इमामभाईंना दिला, मामंजींना दिला, माझ्या तोंडात कोंबला. कुणाला काही कबूल करावं लागलं नाही, कुणी कुणावर पाणी सोडलं नाही. नारळ फुटला, सुपारी फुटली, होडी इमामभाईंची झाली.

सगळे डोळे पुसत हसत होते. मी तोंडात गूळ धरून उभी होते आणि माझ्या अंगाची आग आग होत होती.

कारण तो दिवस मला आठवत होता. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा हाताला डांबर होतं आणि अंगठा कापलेला. मी चिंधी बांधली. काय झालं विचारलं तर म्हणाले, गळ लागला. मग माझी हनुवटी धरून म्हणाले, "दिवाळीला येतोच की. तवर हिला तेल लावत ऱ्हा." मी चार वर्षं लावत राहिले. जो माणूस दिवाळीला येणार असतो, तो आपलं जावळ होडीत राहू देतो. आल्यावर काढता येतंच की. ज्याला यायची खात्री नसते, तोच बापासाठी वाट मोकळी करून जातो. माझ्यासमोर बसून, माझ्याकडून चिंधी बांधून घेत हा माणूस बेधडक खोटं बोलला होता. आईबापाची एवढी काळजी वाहिली, आणि मला दिवाळी दाखवली. मला त्यांचा इतका राग आला, आणि त्या क्षणी ते समोर असते तर मी त्यांच्या गळ्यात पडून रडले असते.

इमामभाईंनी होडी पाण्यात लोटली. खोपीचा पत्रा वळणापर्यंत उन्हात दिसत होता, मग दिसेना.

आमच्या गावात पोस्टमन मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. दोन वर्षं त्याच्या वाटेवर मीच जाऊन उभी राहायची. सासूबाईंना रिकाम्या हातानं परत यायचा धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सासूबाई नवं लुगडं नेसल्या, त्यांनी पदर सावरला आणि दारातून हाक मारली, "चल गं अंजना, पोस्टमन यायचा वकुत झाला."

मी चुलीपुढं भाकरी थापत होते.

"तुमी जावा," मी म्हणाले. "माझ्या हाताला पीठ हाय."