घरापुरती वाकलेली रेष

साहेबांनी नकाशावर पेन्सिलीने रेघोट्या मारल्या आणि तो आरेखकापुढे सरकवला. "रंगाऱ्यांची वस्ती तीन वॉर्डांत वाटायची. प्रत्येक तुकड्याला बंगल्यांचा भाग जोडा. रेष नाल्यावरून न्या, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा उरणार नाही."

वस्ती एकत्र होती तोवर तिचा पालिकेतला सदस्य तीच निवडायची, आणि सदस्य होती आरेखकाची धाकटी बहीण. तिने भांडून भांडून तिथे दवाखाना आणला होता. आता तिन्हीकडे बंगलेवाल्यांचीच मतं जास्त होणार. बाईचा पत्ता कट, पाठोपाठ दवाखान्याचाही. हे न कळायला आरेखक काही दूधखुळा नव्हता. पण नाही म्हणायला छाती लागते, ती कुठून आणणार? बसला मुकाट्याने रेषा ओढत.

बहिणीचं घर गल्लीच्या टोकाला, नाला ओलांडून. नाल्यावरून रेष नेली की नेमकं तेच गल्लीपासून तुटत होतं, आणि उमेदवाराने घर असलेल्या वॉर्डातूनच उभं राहायचं असा नियम. मग या शहाण्याने काय करावं? रेष नाल्यावरून उचलली, तिच्या घराला वळसा घातला आणि पुन्हा नाल्यावर आणून सोडली. निदान आपल्या माणसांतून तरी उभी राहील, म्हणून जिवाला तेवढंच बरं वाटलं. साहेबांनी रेषेचं ते बाहेर आलेलं नाक पाहिलं, गालात हसले आणि सही ठोकली. साहेब उगाच हसत नाहीत, एवढं तरी ओळखायला हवं होतं की नाही?

हरकतींच्या सुनावणीला बहीण अख्खी वस्ती घेऊन आली. "एका नळावर पाणी भरणारी माणसं आम्ही," ती म्हणाली. "आमचे तुकडे कशाला करता?"

साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. "बाई, सगळी रेष नाल्यावरून गेलीय. वाकलीय ती एकाच घरासाठी, तुमच्या. काढलीय तुमच्या सख्ख्या भावाने. वर तुमचीच हरकत?"

मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. "म्हणजे बहीणभावाचं आधीच ठरलं होतं," कुणीतरी म्हणालं. "स्वतःचं घर बरोबर सांभाळलं हो." बहिणीने वळून भावाकडे पाहिलं. मेल्या, आता तरी तोंड उघड. पण तो मान खाली घालून बसला तो बसलाच.

निवडणुकीत ती पडली. बंगलेवाले तिला मतं देणार नव्हतेच, पण तिच्या गल्लीनेही दिली नाहीत. महिन्याभरात दवाखान्याला कुलूप लागलं, तेव्हा कुठे आरेखक तिच्या घरी गेला.

"तुझ्या भल्यासाठीच केलं गं मी," तो म्हणाला.

"माझं घर गल्लीपासून तोडलं असतंस तर मला तिथून उभं राहता आलं नसतं, दादा. एवढंच झालं असतं. गल्लीने मला चोर नसतं म्हटलं."

ती उठली आणि तिने मागचं दार उघडलं.

"इकडून जा. तुला आलेलं कुणी पाहिलं, तर उरलेली दोन घरंही माझ्याशी बोलायची बंद होतील."