डावीकडचं लिमोकोन

वाट रानात शिरते तिथेच डाव्या हाताला लिमोकोन आजही घुमलं. आन्सिगने पाऊल मागे घेतलं. हे रानकबुतर डावीकडून घुमलं की मानोबो जमातीचा माणूस पुढे जात नाही. गेला तर हातून काहीतरी वाईट घडतं. पण तिकडे उंच लाऊआन झाडावर गरुडाचं पिल्लू राखणीविना होतं, आणि राखण आन्सिगची होती. गरुडाची जोडी दोन वर्षांतून एकच अंडं घालते. ते पिल्लू गेलं की सगळंच गेलं.

पण रोज त्याच झुडपातून? आन्सिगच्या मनात पाल चुकचुकली. त्याचा मेहुणा उंदाल कबुतरांना फासे लावायचा, आणि आवाज असा काढायचा की खरी कबुतरंही फसायची. त्यातच शहरातला कुणी गरुडाचं पिल्लू विकत मागत फिरत होता.

"तुझा भाऊ कुठाय?" घरी येताच त्याने बायकोला, बायांगला विचारलं.

"गेला रानात. पोतं घेऊन."

"पोतं कशाला?"

"मला काय ठाऊक! चोर समजता का त्याला?"

"मी कुठे काय म्हणालो?"

"तोंडाने नाही म्हणालात, एवढंच."

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी लिमोकोन घुमलं तसा त्याने झुडपात दगड भिरकावला. "घुम लेका, घुम!" म्हणत तो तरातरा पुढे निघाला.

लाऊआनच्या बुंध्याशी उंदाल बसला होता, शेजारी पोतं. आन्सिगचा तोल सुटला. "चोरा!" तो गरजला आणि त्याने कोयता बुंध्यावर दाणदाण आपटला.

वर घरट्याच्या काठावर पिल्लू पंख झाडून बघत होतं. ते दचकलं, घसरलं, फांद्यांवर आपटत खाली आलं आणि पुन्हा हललं नाही.

"दाजी, हे काय केलंत!" उंदालचा आवाज फाटला. "तुम्ही येईनात, म्हणून मी राखत होतो. ओढ्याकडनं येतो मी, तिथे नाही घुमत ते."

तेवढ्यात मागे, वाटेच्या तोंडाशी, लिमोकोन घुमलं. उंदाल तर समोर उभा होता.

गरुडाची मादी पंज्यात कागवांग, झाडाझाडांतून तरंगत जाणारं ते जनावर, धरून घरट्यावर उतरली आणि पिल्लाला हाका मारू लागली. पिल्लाला झाकायला उंदालने पोतं उपडं केलं. भाजलेली रताळी घरंगळली, दोघांना पुरतील एवढी.