समोरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी खुर्ची आहे. जयपूरच्या आदर्श नगरात लेखराजचं भोजनालय आहे. तिथं भिंतीलगतच्या छोट्या टेबलाशी माझी जागा. छप्पन्न साली एका सुताराने मला बनवलं, वेताची बैठक विणली आणि घाईघाईत एक पाय आखूड ठेवला. तेव्हापासून मी डुगडुगते. लेखराजने पायाखाली पुठ्ठा सारला, तरी गिऱ्हाइकं मला टाळतातच.

अठ्ठावन्न सालापासून माझ्यासमोर उत्तमराव जेवायला बसू लागले. ते साताऱ्याकडचे, विमा कचेरीतले अधिकारी. बायको वारल्यावर घर खायला उठलं, म्हणून त्यांनी मुद्दाम लांबची बदली मागून घेतली होती. रोज एकटेच येत. एखादं मोठं कुटुंब जेवायला आलं, की कोणीतरी विचारायचं, ही खुर्ची रिकामी आहे का? उत्तमराव मान हलवायचे आणि लोक मला दुसऱ्या टेबलाकडे ओढून न्यायचे. मला याचा फार राग यायचा. त्यांच्यासमोर कोणीतरी बसावं असं मला मनापासून वाटे. त्यांनाही वाटत असणार, कारण ते सारखे दाराकडे बघत जेवत.

लेखराजही एकटाच होता. फाळणीत मुलतानहून निघताना घरची सहा माणसं बरोबर होती, जयपूरला पोचला तो एकटा. तो भट्टीशेजारी उभ्यानेच जेवून घ्यायचा. उत्तमरावांना रोज भात लागतो हे कळल्यावर तो फक्त त्यांच्यासाठी भाताचं वेगळं पातेलं चढवू लागला. पण त्यांच्याशी बोलायचा मात्र नाही.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. उत्तमराव जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवत आणि भाताची चार शितं उजव्या हाताला टेबलावर काढून ठेवत. लेखराजला वाटलं, टेबल घाण आहे म्हणून साहेब पाणी मारतात आणि भातात रोज खडे निघतात. बिचारा तांदूळ दोनदोनदा निवडायचा, टेबल तीनतीनदा पुसायचा आणि शरमेने लांबच राहायचा. उत्तमरावांना वाटे, माणूस घुमा आहे. अशी दोन वर्षं गेली. मी सगळं बघत होते, पण खुर्चीला तोंड कुठे असतं?

एका दुपारी लेखराजने धीर केला. "साहब, चावल में आज भी कुछ निकला क्या?"

उत्तमराव आधी गोंधळले, मग त्यांच्या लक्षात आलं. "नहीं लेखराजजी, ये तो देने का है. हमारी माँ बोलती थी, पहला निवाला अपना नहीं होता." मग माझ्याकडे हात करून ते म्हणाले, "आप बैठो ना."

लेखराज माझ्यावर बसला. मी डुगडुगले, पण तो उठला नाही. त्या दिवसापासून दोघं समोरासमोर जेवले. अकरा दिवस. बाराव्या दिवशी उत्तमरावांच्या हातात नागपूरच्या बदलीचा हुकूम होता.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. सुरुवातीला दोन पत्रं आली, मग तीही थांबली. माझा वेत फाटलाय, त्यावर पोत्याचा तुकडा टाकलाय. दुपारी गर्दी ओसरली की लेखराज माझ्यावर बसतो, भाताची चार शितं बाजूला काढतो आणि जेवतो. समोरची खुर्ची मागायला कोणी आलं, तर मान वर न करता म्हणतो, "वहाँ बैठे हैं."

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा वेतही नको. कुठे कोणी एकटं जेवताना दिसलं, तर त्याच्या समोरची खुर्ची उचलून नेऊ नका. तिच्यावर बसा. डुगडुगली तरी बसा.