गोपिकेचा नमस्कार

कॉम्प्युटर शाळेत आला त्या दिवशी बाबाराव गुरुजींनी त्याच्यापुढे नारळ फोडला. साल शहाऐंशीचं, इतवारी पेठेतल्या त्या शाळेसाठी ही लहान गोष्ट नव्हती. "ही सरस्वती आहे बरं," त्यांनी पाचवीच्या पोरांना बजावलं, "हात लावायच्या आधी नमस्कार करायचा."

गणिताचा प्रोग्राम गुरुजींनी सुट्टीत शिकून स्वतःच लिहिला होता. उत्तर बरोबर आलं की मशीन अवघड गणित घाली, चुकलं की सोपं, आणि शेवटी पोर पक्कं की कच्चं ते सांगून टाकी. घंटेच्या आत सगळ्यांची पाळी व्हावी म्हणून त्यांनी त्यात एक अट घातली. मनात दहा मोजून होईपर्यंत उत्तर आलं नाही तर ते चूक धरायचं.

मशीनच्या खोलीत शाळेच्या मदतनीस कुसुमताई बसत. गुरुजी इकडे वर्ग घेत. एकेक पोर जाऊन येई. गोपिका दरवेळी कच्ची होऊनच परत येई.

गुरुजींना नवल वाटे. पोरगी संथ होती, पण वर्गात "थांबा ना गुरुजी, सांगते," म्हणायची आणि बरोबर सांगायची. गुरुजीही खडू बोटांत फिरवत थांबायचे. तशी त्यांची सवयच होती. तरी त्यांनी तिला पाढे घोकणाऱ्या पोरांत नेऊन बसवलं. तिचा बाप रुपराव भांड्यांच्या दुकानात कामाला होता. तो विचारायला आला तेव्हा गुरुजी म्हणाले, "मायेपोटी माणसाचा अंदाज चुकतो रुपराव. मशीनचा चुकत नाही."

त्यानंतर गोपिका शाळेत यायची थांबली.

एका दुपारी मशीनवरची धूळ पुसता पुसता कुसुमताई हसल्या. "आता हिले नमस्कार करणारं कोणी उरलं नाही, गुरुजी. बाकीची पोट्टी पहिल्या दिवशी हात जोडून मोकळी झाली. गोपिका मात्र दर गणिताले! आधी फ्रॉकले हात पुसे, मग हात जोडे, डोळे मिटे, अन् मग बटन दाबे."

गुरुजींच्या हातातला खडू तसाच राहिला.

कुसुमताई गेल्यावर ते मशीनपुढे बसले. गणित आलं, नऊ अधिक सहा. त्यांनी धोतराला हात पुसले, जोडले, डोळे मिटले. डोळे उघडतात तोच मशीन टूं करून वाजली. चूक. नमस्कार करायला त्यांनीच सांगितलं होतं. थांबायचं नाही, हेही मशीनला त्यांनीच सांगितलं होतं.

संध्याकाळी ते रुपरावच्या घरी गेले. गोपिका दारात चिंचेनं पाण्याचा पितळी गुंड घासत होती. गुरुजींना पाहून तिनं मान आणखी खाली घातली.

"या गुरुजी," रुपराव म्हणाला. "काहून त्रास घेतला? पोरीचं त मशीननं सांगून टाकलं. तिच्या मायनं तिले घरकामाले लावलं."

"मशीनचं काही नाही रुपराव. चुकलो मी." गुरुजींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही.

रुपराव ऐकून घेऊन कडवट हसला. "म्हणजे हात जोडले म्हणून पोरगी कच्ची? वा वं सरस्वती!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिलेच विचारा. येते म्हणली त पाठवतो. मी जबरदस्ती करणार नाही."

गुरुजी गोपिकेपुढे जमिनीवर बसले. "सव्वाशेचे पाच सारखे हिस्से केले, तर एक केवढा होईल, बाळ?"

ती गुंड घासतच राहिली.

"सावकाश सांग. मी थांबतो."

तिनं चिंचेचे हात धुतले, फ्रॉकला पुसले. सवयीनं ते जोडायला उचलले आणि चटका बसावा तसे मागे घेतले. "पंचवीस!" ती एकदम ओरडली आणि खांदे आखडून गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागली.

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले.

"पण वेळात झालं ना, गुरुजी?"

गुरुजींना वर पाहण्याचं धाडस होईना. त्यांनी तिचे ओलसर हात आपल्या हातांत घेतले आणि हळूच एकमेकांना जोडले.

"उद्या घेऊन येतो तिले," रुपराव मागून म्हणाला. "पण त्या मशीनपुढे नाही, गुरुजी. तुमच्यापुढे."