कोळ्याची खोली

किशोरनं कोळी आणला तो दिवाळीत. त्याचा नागपूरचा एक मित्र परदेशी निघाला होता, त्यानं काचेच्या पेटीसकट देऊन टाकला. तळहाताएवढा, काळा, गुडघ्यांवर तांबूस पट्टे आणि अंगभर केस. किशोर त्याला टॅरंट्युला म्हणायचा आणि हा शब्द नीट उच्चारता येतो याचाही त्याला अभिमान होता. शालू त्याची बायको. लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. पेटीचं जाळीचं झाकण उघडून किशोरनं तो हातावर घेतला आणि एकेक पाय उचलत तो मनगटाकडे सरकू लागला, तेव्हा शालूच्या तोंडात पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. ती अंगणात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

थंडीत तिनं त्याच्याकडे बघणं टाळलं. उन्हाळ्यात ते जमेना.

त्यांचं गाव आर्वीपासून चार किलोमीटरवर. दीड एकरात भेंडी आणि वांगी. ते काम शालू आणि तिची सासू भागीरथा या दोघी बघायच्या, कारण किशोर आर्वीला बियाण्यांच्या दुकानात नोकरीला होता आणि सासरे चार वर्षांपूर्वी वारले होते. घराला दोन खोल्या. समोरची टिनाची, मागची स्लॅबची. कूलर स्लॅबच्या खोलीत. दरवर्षी उन्हाळ्यात दुपारी घरातली सगळी माणसं तिथंच आडवी व्हायची. यंदा एप्रिलच्या मध्यावर किशोरनं पेटी त्या खोलीत टेबलावर ठेवली आणि दार ओढून घेतलं. माणसांच्या ये-जा करण्यानं कोळी बिथरतो, असं त्याचं म्हणणं. शालू आणि भागीरथा टिनाखाली आल्या. भागीरथा काही बोलली नाही, म्हणून शालूही बोलली नाही.

मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला आणि त्याच आठवड्यात किशोरला दुकानातर्फे चार दिवसांच्या ट्रेनिंगला नागपूरला जायचं होतं. निघायच्या सकाळी त्यानं शालूला पेटीसमोर उभं केलं.

"हे पाह्य. काचेवरचा हा थर्मामीटरचा आकडा तीसच्या वर जाऊ देजो नको. कूलरची हवा सरळ पेटीवर नाई, भिताडावर मारजो. आत ठेवलेल्या डबीच्या झाकणातलं पाणी सकाळ-संध्याकाळ बदलजो. एका कोपऱ्यातला भुसा ओला ठेवजो, सगळा नाई. त्याच्या अंगावर पाणी उडवू नको."

"अन् दार?"

"दार बंदच."

"आत्याबाईले लय गरमी होते समोर." शालू सासूला आत्याबाई म्हणायची.

"फॅन आहे ना तिथं. इतके दिवस झोपतेच ना ते." त्यानं खाली वाकून काचेतून बघितलं. "अन् पाय पोटाखाली घेऊन बसला, तं समजजो का त्याले पाणी कमी पडलं."

शालूनं मान हलवली. पेटीशेजारी प्लॅस्टिकच्या डब्यात कोळ्याचं खाणं होतं, जिवंत रातकिडे. बटाट्याच्या फोडींवर ते एकमेकांच्या अंगावरून चालायचे. त्यांतले रोज दोन-तीन मरायचे आणि डब्याला ओल्या, सडक्या चामड्यासारखा वास यायचा. कोळ्यानं खाऊन टाकलेला किडा म्हणजे चघळून थुंकलेला एक ओला गोळा असायचा, त्यातून पाय बाहेर आलेले. तो चिमट्यानं उचलायचा. पहिल्या वेळी किशोरनं त्यासाठी चुलीजवळचा भाकरीचा चिमटा नेला होता. शालूनं तो नंतर उकिरड्यावर फेकला आणि हरवला म्हणून सांगितलं.

पहिला दिवस कसाबसा गेला. ती दर दोन तासांनी कूलरमध्ये बकेटीनं पाणी ओतत होती. नळ एक दिवसाआड यायचा, त्यामुळे पाणी हातपंपावरून आणावं लागे. बाहेर शेहेचाळीस, कोळ्याच्या खोलीत एकोणतीस. पाणी ओतून झालं की ती क्षणभर त्या गारव्यात उभी राहायची, पण पेटीकडे पाठ करून उभं राहवत नसे आणि तोंड करूनही नसे. मग ती बाहेर यायची आणि दार ओढून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी भागीरथा पहाटेपासून भेंडी तोडत होती. नऊला घरी आली, दोन पोती भरून बाजाराच्या गाडीवर चढवली आणि भाकर न खाताच खाटेवर पडली. दुपारी दोनच्या सुमाराला शालू बकेट घेऊन तिच्या खाटेजवळून चालली होती. भागीरथा काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणता आत्याबाई?"

"नत्थू," भागीरथा म्हणाली, "बैलं सोड. ऊन झालं."

शालू जागीच थांबली. नत्थू म्हणजे तिचे सासरे. नवऱ्याचं नाव भागीरथानं कधी घेतल्याचं गावात कोणी ऐकलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती दुसऱ्या बाईला ते सांगायला लावायची. शालूनं तिच्या कपाळाला हात लावला. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. डोळे अर्धे उघडे, पण ते शालूला ओळखत नव्हते. वरून पंखा गरम हवा फेकत होता.

हातात पाण्याची भरलेली बकेट होती. पुढे बंद दार होतं, त्याच्यामागे गार खोली. आपण हे पाणी कोणासाठी वाहतो आहोत, हे शालूच्या तेव्हा लक्षात आलं. किशोरनं दार बंद करायला सांगितलं होतं खरं, पण दीड महिना ते रोज ओढून घेणारा हात तिचाच होता. तिला स्वतःची शिसारी आली.

तिनं अंगणातून शेजारच्या गुलाबला हाक मारली आणि दार उघडलं. खाट आत घ्यायची तर कूलरसमोरचं टेबल हलवावं लागणार होतं आणि टेबलावर पेटी होती. गुलाब उंबरठ्यावरच थांबली.

"मी नाई हात लावणार त्याले," ती म्हणाली.

शालूनं पेटी दोन्ही हातांत घेतली. वाटली त्यापेक्षा जड होती. उचलताना ती कलंडली, पाण्याचं झाकण भुशात उलटं झालं आणि कोळी पुढचे पाय उंच करून काचेवर उभा राहिला, तिच्या छातीसमोर, मधे फक्त काच. त्याच्या पोटाखालचा फिकट, मऊ, धडधडणारा भाग तिला दिसला. मागच्या पायांनी त्यानं पोटावरचे केस झटकले. ते जाळीतून उडून तिच्या मनगटावर बसले आणि खाजकुयलीसारखी आग सुरू झाली. तिनं पेटी सोडली नाही. कूलरमागच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवली आणि पदराला हात पुसत परत आली.

दोघींनी खाट आत ओढली. बकेटीतलं पाणी भागीरथाच्या अंगावर ओतलं, काखेत आणि मानेवर ओली फडकी ठेवली. गुलाबचा नवरा चंद्रभान ऑटो चालवायचा. तो अर्ध्या तासात आला आणि ओल्या चादरीत गुंडाळून भागीरथाला आर्वीच्या दवाखान्यात नेलं.

सलाईन लावल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठं झोपल्या होत्या या?"

"टिनाखाली."

"घरात दुसरी खोली नाही?"

"आहे," शालू म्हणाली.

"मग तिथं कोण असतं?"

शालूनं मनगट खाजवलं. तिथं लाल पुरळ उठलं होतं. "सामान आहे," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत भागीरथाला शुद्ध आली. तिनं शालूला ओळखलं आणि भेंडीची गाडी गेली का, विचारलं. मग किशोरचा फोन लागला. शालूनं सगळं सांगितलं. तो घाबरला, ते आवाजातून कळत होतं. बोलते का, काही खाल्लं का, डॉक्टर काय म्हणाले, सगळं त्यानं विचारलं.

"मी येऊ का?"

"या."

"उद्या पेपर आहे ट्रेनिंगचा. परवा तं येतोच आहो मी." मग त्यानं विचारलं, "कूलर चालू आहे ना?"

"दवाखान्यात आहे कूलर. मोठा आहे."

"तो नाई वो. घरचा."

शालूनं फोन कानापासून दूर धरला. त्यातून त्याचा आवाज येत राहिला, बारीक, हॅलो हॅलो म्हणत. तिच्या तोंडात पुन्हा तेच पाणी सुटलं. या वेळी कोळी समोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबला दवाखान्यात बसवून ती कपडे आणायला घरी आली. वादळी वाऱ्यानं तार तुटली होती आणि आदल्या संध्याकाळपासून गावात लाइट नव्हती. कूलर बंद, खोली कोंदलेली. रातकिडे सगळे मेले होते. डब्याचा वास दारापर्यंत आला होता. काचेवरचा आकडा अडतीस. कोळी भुशावर होता, आठही पाय पोटाखाली ओढून घेतलेले, मिटलेल्या मुठीसारखा.

आता काही केलं नाही तर हा संध्याकाळपर्यंत मरेल, हे शालूला कळत होतं. मेला तर बरंच, असं तिला वाटलं, आणि ते वाटल्याचं तिला काही वाईटही वाटलं नाही. तिनं भागीरथाची दोन पातळं पिशवीत भरली. दाराशी जाऊन थांबली. पेटी कोपऱ्यात तिनंच ठेवली होती, पाणीही तिच्याच हातून सांडलं होतं. तहान लागली तर तो उठून कुठं जाणार नव्हता.

ती माठातलं पाणी पळीत घेऊन आली. जाळी काढली. उलटं झालेलं झाकण काडीनं सरळ केलं, त्यात पाणी ओतलं आणि मग तीच काडी कोळ्याच्या पोटाखाली घालून त्याला हळूहळू झाकणाकडे लोटलं. त्याचं वजन काडीतून बोटांना जाणवत होतं, पिकलेल्या अंजिरासारखं मऊ. तोंडाकडचा भाग पाण्याला टेकला. तिनं पेटीवर ओलं पोतं टाकलं, किड्यांचा डबा उकिरड्यावर नेऊन जाळला, कोपरापर्यंत हात माती लावून धुतले आणि चंद्रभानच्या ऑटोत बसली.

संध्याकाळी भागीरथाला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. लाइट आली होती. शालूनं तिला स्लॅबच्या खोलीत निजवलं. कोपऱ्यातल्या पोत्याखाली कोळ्यानं पाय पसरले होते आणि एक पाय झाकणातल्या पाण्यात होता. शालूनं पोतं पुन्हा टाकलं.

किशोर दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आला. केळी आणि ग्लुकोजचे पुडे घेऊन आला, आईच्या खाटेवर बसला, तिचा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरले होते. आणि मग ते डोळे टेबलाकडे गेले, तिथून कोपऱ्यात.

"हा खाली काऊन आहे?"

"आत्याबाई इथंच राह्यतीन," शालू म्हणाली. "पाऊस लागेपर्यंत."

"मंग याले कुठी ठेवू मी?"

"राहू दे न त्याले," भागीरथा खाटेवरून म्हणाली. "माह्यं काय करते तो."

"नाई," शालू म्हणाली. "दोघांतलं एकच राह्यीन इथं. अन् त्याच्या पाण्याले, किड्याले, कशाले मी हात लावणार नाई. आत्याबाईनंही नाई लावायचा."

किशोरनं तिच्याकडे बघितलं. भांडण होईल असं तिला वाटलं होतं, पण तो उठून बाहेर गेला आणि टिनाकडे वर बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून सुट्टी काढली. वावराच्या बांधावर रचलेल्या तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, बैलगाडीनं घरी आणल्या. दोन दिवस उन्हात टिनावर चढून त्यानं त्यांचा हातभर जाड थर दिला, वर भिजवलेली पोती अंथरली, खिडकीला बांबूचा तट्ट्या लावला. पाठ सोलवटली तरी थांबला नाही. मग पेटी आणून समोरच्या खोलीत ठेवली आणि तासाभरानं दोघींना बोलावलं.

"पाह्य," तो म्हणाला. काचेवरच्या आकड्यावर त्यानं बोट ठेवलं. "एकतीस. बेचाळीस राह्यत होतं इथं. कूलर नाई, काई नाई. मस्त राह्यते तो आता."

त्याचा चेहरा खुलला होता. भागीरथा भिंतीला हात धरत आत आली आणि तिनं वर बघितलं.

"किती दिवस लागले?" तिनं विचारलं.

"दोनच."

चार उन्हाळे झाले, नवरा गेल्यापासून, भागीरथा दर चैत्रात म्हणायची, टिनावर तुराट्या टाक रे बावा, राती अंग भाजते. दर चैत्रात किशोरला वेळ नसायचा. त्याला ते आता आठवलं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. भागीरथाला आठवलं होतं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं होतं. ती तिथंच जमिनीवर बसली आणि पाय लांब केले.

शालू चुलीपाशी गेली. भाकरी झाल्या, वांग्याची भाजी झाली. किशोर हात धुऊन जेवायला बसला आणि ताट घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढे केले. त्याच्या बोटांना आपली बोटं लागतील, या नुसत्या विचारानं तिच्या अंगावर काटा आला. तिनं ताट जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याकडे सरकवलं.